कंबर माझी, कारभार गावाचा

कंबर हा माझा खासगी विषय आहे अशी माझी गेल्या वसंतापर्यंत समजूत होती. डॉक्टर, शिवणकाम करणारी बाई आणि आरसा सोडून तिच्याबद्दल बोलायचा अधिकार कोणाला नव्हता, आणि आरशालाही मी फारसं बोलू देत नसे. आता आमच्या गावातल्या औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्यांची बाटली हातात देताना आधी माझ्या कमरेकडे बघतो आणि मग विचारतो, "काय नेडीनबाई, आज कुठलं, चामड्याचं की प्लास्टिकचं?" मागे रांगेत उभी असलेली माणसंही उत्तराची वाट बघतात. मला विचाराल तर ही सभ्य गावाची लक्षणं नव्हेत.

मी घरं विकून देते. टेनेसीच्या या डोंगराळ भागात घर विकायचं म्हणजे एकटीने गाडी घेऊन कुठल्या तरी वळणावळणाच्या रस्त्याच्या टोकाला जायचं, रिकामं घर उघडायचं, पडदे सारायचे आणि गिऱ्हाईक येईपर्यंत घराला माणसाचा वास येईल असं काहीतरी करायचं. त्या दिवशी मी अशीच एका घरात शिरले आणि न्हाणीघरातून एक माणूस बाहेर आला. पायांत मोजे, गालाला साबण, हातात वस्तरा. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "गरम पाणी येत नाहीये." जणू काही मी त्या घराची मोलकरीण. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मालकांना सांगते." मग शांतपणे चालत बाहेर आले, गाडीत बसले, दारं आतून लावून घेतली आणि पोलिसांना फोन केला. पोलीस तिथे पोचले तेव्हा तो खिडकीतून निघून गेला होता. जाताना साबण मात्र ठेवून गेला.

माझा नवरा रॉयस याचं फ्लोअरिंगचं दुकान आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सोड तो धंदा. माझ्या दुकानात बस, नमुने दाखव." रॉयसच्या दुकानात बसून लोकांना गालिच्यांचे तुकडे दाखवण्यापेक्षा मला तो साबणवाला बरा वाटला. माझ्याकडे छोटं पिस्तूल आहे, माझा नेमही चांगला आहे. रॉयसपेक्षा चांगला आहे, पण तो विषय आमच्या घरी काढत नाहीत. तेव्हा मी ठरवलं की यापुढे पिस्तूल जवळ ठेवूनच रिकाम्या घरात शिरायचं.

पण ठेवायचं कुठे? मला वाटलं, पर्समध्ये. आमच्या नेमबाजीच्या मैदानावर शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत कवायत घेत असत. त्या म्हणाल्या, "समज, मी चोर आहे. काढ." मी पर्समध्ये हात घातला. पहिल्यांदा केसांचा ब्रश निघाला. मग मोजायची टेप, मग खोकल्याच्या गोळ्या, मग अर्धा खाल्लेला शेंगदाण्याचा बार, मग एका घराची किल्ली जी मी महिनाभर शोधत होते. त्या किल्लीचा मला इतका आनंद झाला की आपण काय शोधतोय हेच मी विसरले. बाई म्हणाल्या, "मी तुला लुटून, घरी जाऊन, जेवूनसुद्धा आले. नेडीन, पिस्तुलाचं म्यान मिळतं ना, होल्स्टर, ते घे आणि कमरेला आतून लाव. चामड्याचं घे नाहीतर प्लास्टिकचं घे." हे त्यांनी चहा की कॉफी विचारावं इतक्या सहज सांगितलं. त्यांच्या घरी सासरा आणि जावई नसावेत.

माझ्या घरी दोन्ही आहेत. सासरे, म्हणजे ऑर्विलबाबा, आमच्या मागच्या खोलीत राहतात. त्यांनी जन्मभर घोड्यांची खोगिरं शिवली. जावई कोल्बी दातांच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. झोपेत दात खाणाऱ्या लोकांसाठी तो प्लास्टिक तापवून दातांवर बसवायची कवचं बनवतो, आणि तेच कसब वापरून सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये होल्स्टरं बनवतो. रविवारी जेवताना मी सहज म्हणाले, "मला एक होल्स्टर घ्यायचंय," आणि दोघांनी एकदम काटे खाली ठेवले. आमच्या टेबलावर दोन काटे एकदम खाली ठेवले जाणं हे लक्षण बरं नसतं.

"प्लास्टिकच्या डब्यात उरलेली उसळ ठेवतात," बाबा म्हणाले. "हत्यार नाही."

"आजोबा, चामडं घामाने मऊ पडतं," कोल्बी म्हणाला. "तोंड मिटतं. मग पिस्तूल परत घालायला दुसरा हात लागतो. प्लास्टिक कसं, टक् करून धरतं. बसलं म्हणजे बसलं."

"गाय जन्मभर पावसात उभी राहते. कधी तिचं चामडं बिघडलेलं पाहिलंस?"

"गाय जिवंत असते, आजोबा."

"आणि तुझं प्लास्टिक कधी जिवंत होतं?"

यावर कोल्बीने बटाट्याचं भांडं मागितलं. मी ते पुढे केलं. मला दोघांपैकी कोणी काही विचारलं नाही. भांडं पुढे करणं एवढाच माझा त्या चर्चेतला वाटा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोरी आणली. सुनेच्या कमरेचं माप आपण कसं घ्यायचं, म्हणून त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जुन्या वळणाचा माणूस. मी माप घेतलं, आणि गाठ मारताना दोरी जरा आवळली. जराशीच. कुठल्याही बाईने तेच केलं असतं. त्याच संध्याकाळी कोल्बी प्लास्टिकचा पत्रा घेऊन आला आणि त्याने तो माझ्या ओव्हनमध्ये ठेवला, कारण म्हणे त्याच्या घरचा ओव्हन एकसारखा तापत नाही. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी जे भाजलं त्याला दातांच्या दवाखान्याचा वास होता. रॉयस पीचचा केक खाताना मध्येच जबडा चाचपून बघायचा.

दोन्ही होल्स्टरं एकाच रविवारी तयार झाली. बाबांचं गडद तपकिरी, बारीक टाक्यांनी शिवलेलं, वर आमच्या डोंगरात फुलणाऱ्या डॉगवूडचं फूल कोरलेलं, आणि सोबत तसाच पट्टा. हे सगळं कपड्यांच्या आत राहणार, कोणाला दिसणार नाही, तरी त्या म्हाताऱ्या हातांनी त्यांनी पाकळीची एकेक शीर काढली होती. मी ते उजेडात नेऊन दोनदा पाहिलं. कोल्बीचं काळं, गुळगुळीत, एखाद्या मोठ्या जनावराच्या कवळीसारखं. पण पिस्तूल आत घातलं की खरोखरच टक् करून बसायचं, आणि उलटं धरून हलवलं तरी पडत नसे. आता कोणाला दुखवायचं? मी समजूतदार बाई आहे. बाबा समोर असतील तेव्हा चामड्याचं, कोल्बी येणार असेल तेव्हा प्लास्टिकचं, असं ठरवून टाकलं. घर चालवलेल्या कोणालाही यात काही गैर दिसणार नाही.

त्या आठवड्यात मला एमस टीग यांचं घर दाखवायचं होतं. एमस म्हणजे बाबांचा मासे पकडण्याचा सोबती. बायको गेल्यावर त्यांना ते घर मोठं वाटायला लागलं होतं. घरातली ओकच्या लाकडाची जमीन त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बसवली होती, फळीला फळी जोडून, आणि ती त्यांनी मला घर बघायच्याही आधी दाखवली होती. गिऱ्हाईक म्हणजे नॉक्सव्हिलचे फेनविक नवराबायको. नवरा भिंतींवर टकटक करणारा, आणि बायको दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागेल अशी.

मी पुढे झाले. "ही बैठकीची खोली." कर्र. "इथून दरी दिसते." कर्र, कर्र.

मिस्टर फेनविक थांबले. मीही थांबले. आवाज थांबला. ते म्हणाले, "जमीन वाजते."

एमस स्वयंपाकघराच्या दारात हातात टोपी घेऊन उभे होते. "ही जमीन वाजत नाही," ते म्हणाले. "कधीच वाजली नाही."

मी त्यांची बाजू घ्यायला एक पाऊल पुढे टाकलं. कर्र. एमसचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या सरळमार्गी मुलाने भर चर्चमध्ये शिवी दिली.

तेव्हा मलाही जमीनच वाजते आहे असं वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगते. घरी येऊन सिंककडे गेले आणि कर्र. आमच्या स्वयंपाकघरात लाकूड नाही, रॉयसने घातलेलं व्हायनिल आहे, आणि ते बोललं तर त्याचा धंदाच बसेल. मी वाकले. कर्र. श्वास घेतला. कर्र. बाबांचं नवंकोरं चामडं माझ्या कमरेवर बसून बोलत होतं.

तुम्ही म्हणाल, मग लगेच फोन करून सांगायचं. पण लपवून बाळगायचं म्हणजे लपवून, नाहीतर जाकिटाच्या वरूनच नाही का लावायचं? शिवाय दाराची माफी मागणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगणार, की तुम्ही मघाशी ज्या आवाजाला घाबरलात तो माझ्या पिस्तुलाचा होता? मी विचार केला, पुढच्या वेळी प्लास्टिकचं घालून जाईन, जमीन गप्प बसेल, विषय मिटेल. फक्त एमस मिटू देईनात. कर्रकर्र थांबते म्हणून त्यांनी फळ्यांच्या फटींत अंगाला लावायची पावडर भरली आणि सकाळीच मला फोन केला. "नेडीनबाई, मी सारखा चालून बघतोय. माझ्या पायाखाली काही वाजत नाही. माझे कान गेले असतील का?"

मी म्हणाले, "हवामानामुळे होतं कधीकधी." फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली, आणि मला लाज वाटली की मी चिडते. मी बाबांवर चिडले, कोल्बीवर चिडले, त्या साबणवाल्यावर तर नव्याने चिडले.

प्लास्टिकची सवय व्हावी म्हणून रविवारी ते घालून मी चर्चला गेले. बसलं की त्याची कड पोटात रुतायची, म्हणून सबंध प्रवचन मी ताठ बसून ऐकलं. पाळकांना वाटलं मला फार भिडलं. नंतर मी बायकांच्या स्वच्छतागृहात गेले. आता यात सांगण्यासारखं काही नाही, पण सगळ्या गावाने सांगितलं आहे तेव्हा माझ्याकडूनही ऐका. पुरुषांच्या पँटला जाड पट्टा असतो. आमच्या पँटला कमरेशी असतं इलॅस्टिक. मी पँट सैल केली, कोल्बीचा हूक निसटला, आणि होल्स्टर पिस्तुलासकट फरशीवर पडून मधल्या आडोशाखालून घसरत शेजारच्या शौचालयात गेलं. पिस्तूल जागचं हललं नाही. तेवढं श्रेय मी कोल्बीला देते.

शेजारी कोणीतरी होतं. मग एका हिरव्या बुटाने ते हळूच माझ्याकडे सरकवलं आणि इमोजीन स्पीअर्सचा आवाज आला, "नेडीन? प्लास्टिक? मला तू चामड्यातली वाटली होतीस."

इमोजीन माझ्याच धंद्यात आहे, आणि तिचा फलक माझ्या फलकापेक्षा मोठा आहे. दुपारपर्यंत गावाला सगळं कळलं. बँकेतल्या मुलीने चामड्याला मेण लावायचा सल्ला दिला. दातांच्या डॉक्टरांनी जबडा उघडायला सांगितला आणि मला बोलता येत नाही हे पाहून प्लास्टिकची बाजू मांडली. चर्चच्या इमारत समितीने तर बैठकच बोलावली. बायकांच्या स्वच्छतागृहात, अशा वस्तू अडकवायला, एक खुंटी लावावी असा ठराव आला. समितीत सगळे पुरुष. खुंटी किती उंचीवर असावी यावर मतभेद झाले, आणि प्रत्यक्ष पाहणी कोण करणार या मुद्द्यावर ठराव तहकूब झाला. अजून तहकूबच आहे. मला त्यांनी बोलावलंही नाही, पण बैठकीच्या वृत्तांतात मात्र माझं नाव आहे.

कोल्बी मोठा हूक बसवतो म्हणून प्लास्टिकचं होल्स्टर घेऊन गेला. आणि नेमका फेनविकांचा निरोप आला: घर आवडलं आहे, पण आधी जाणकार माणसाकडून जमीन तपासून हवी. आमच्या भागात जमिनीतला जाणकार एकच, माझा नवरा. बाबाही एमसला धीर द्यायला गाडीत येऊन बसले. निघताना त्यांनी विचारलं, "घातलंयस ना?" मी हो म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून ते काढून ठेवायचं धैर्य मला झालं नाही.

एमसच्या बैठकीच्या खोलीत रॉयस गुडघ्यांवर बसला. त्याने फळ्या ठोकल्या, कान लावला, उभा राहून उड्या मारल्या. आवाज नाही. मिस्टर फेनविकांना चालायला लावलं. नाही. एमसना, बाबांना, मिसेस फेनविकांना. नाही. मी भिंतीला चिकटून झाडासारखी उभी होते.

"तू चाल," रॉयस म्हणाला.

"माझं कशाला?"

"चाल गं."

मी चालले. कर्र, कर्र, कर्र. खिडकीपर्यंत गेले, परत आले, शेकोटीजवळून फिरले. प्रत्येक ठिकाणी कर्र. रॉयसने गुडघे झटकले, आणि तो गिऱ्हाइकांशी बोलताना काढतो तो आवाज काढला.

"जमीन उत्तम आहे," तो म्हणाला. "फळी, सांधे, खिळे, सगळं ठीक. प्रश्न भाराचा आहे. काही विशिष्ट वजन एका जागी आलं की लाकूड कुरकुरतं. साधारण माणसांना त्रास व्हायचा नाही."

मिस्टर फेनविकांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने छताकडे पाहायला लागले. मिसेस फेनविक माझ्या हातावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "मीही अलीकडे पाव सोडलाय."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे. पण संसार केलेल्या बाईला तिच्या नवऱ्याने, परक्या घरात, गिऱ्हाइकांसमोर, व्यावसायिक मत म्हणून जाड म्हणावं, हे मी ऐकून घेणार नव्हते.

"रॉयस हॉलेनबेक," मी म्हणाले, "हा माझ्या वजनाचा आवाज नाही. हा तुझ्या वडिलांच्या चामड्याचा आवाज आहे." आणि मी जाकीट वर केलं.

एमस शेकोटीच्या कट्ट्यावर खाली बसले. "म्हणजे माझी जमीन," ते म्हणाले, आणि त्यांनी बुटाने एक फळी दाबून पाहिली.

"तुमच्या जमिनीला काहीही झालेलं नाही, एमस. तुमचे कानही ठीक आहेत. मी आधीच सांगायला हवं होतं."

त्यांनी टोपीने डोळे पुसले, आणि ती टोपी बराच वेळ चेहऱ्यावरून काढली नाही. मला फार बरं वाटलं, आणि मग मी बाबांकडे पाहिलं, तेव्हा तितकंच वाईट वाटलं. म्हाताऱ्याने इतक्या मायेने शिवलेली वस्तू मी त्याच्या मित्रासमोर उघडी पाडली होती.

बाबा डोकं एका बाजूला कलवून उभे होते. "परत चाल बघू," ते म्हणाले.

मी चालले. कर्र.

"चामडं अस्सल आहे," ते म्हणाले. "नवं आहे तोवर बोलणारच. पण एवढं नाही बोलत. पट्टा आखूड पडलाय, त्यामुळे घासतंय." ते माझ्याकडे बघायला लागले. "सूनबाई, दोरी बरोबर धरली होतीस ना?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली. मी जाकीट खाली ओढून नीट केलं. पण रॉयसने "अच्छा" असं म्हटलं, आणि त्या 'अच्छा'बद्दल मी त्याच्याशी पुढचे काही दिवस फक्त कामापुरतं बोलले.

मिसेस फेनविक जवळ आल्या, त्यांनी वाकून पाकळ्यांवरून बोट फिरवलं. "काय सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "मी माझं पिस्तूल पर्समध्ये ठेवते. खोकल्याच्या गोळ्या काढायला जावं तर तेच हाताला लागतं. हे बायकांच्या कपड्यांवर बसतं का?"

"बसवता येईल," बाबा म्हणाले, आणि खिशातून दोरी काढून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

घर विकलं गेलं. फेनविकांनी जमिनीला हातही लावू दिला नाही. एमसनी गावातच एक छोटं घर भाड्याने घेतलं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी कोणाविरुद्ध अवाक्षर काढलं नसतं. पण एका शनिवारी मी घरी आले तर बाबा आणि कोल्बी माझ्या जेवणाच्या टेबलावर डोकी जुळवून बसलेले. पुढ्यात एक नवं होल्स्टर: अंगाला लागणारी बाजू चामड्याची, त्यामुळे रुतत नाही. बाहेरची बाजू प्लास्टिकची, त्यामुळे टक् करून धरते. हूक इलॅस्टिकला पकडणारा. काटे खाली ठेवणारी हीच ती दोन माणसं. "आजोबा, तुमचा टाका इथे घ्या," "तुझा पत्रा जरा वाकव रे," असं चाललेलं. ओव्हन अर्थात माझाच.

"छान," मी म्हणाले. "माझं कधी होईल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिलं मिसेस फेनविकांना कबूल केलं होतं. मग पाळकांच्या पत्नीला. मग कवायतीच्या बाईंना. मग, हे मी दात आवळून सांगते, इमोजीनला.

"मग तोवर माझं चामड्याचं द्या."

"ते उसवलं," बाबा म्हणाले. "नमुन्याला घेतलं."

"प्लास्टिकचं?"

"कापलं," कोल्बी म्हणाला.

"आणि मी काय करू?"

"तू घरचं माणूस," बाबा म्हणाले. "घरच्या माणसाला थांबायला काय होतं?"

नवं होल्स्टर मिळेपर्यंत मी एकटीने रिकाम्या घरात जायचं नाही असं रॉयसने फर्मावलं, आणि सोबतीला कोण येणार म्हणताच एमस टीग तयारच होते. त्यांना आता चालायला स्वतःची जमीन उरली नव्हती. मला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर गाडीत शेजारी कोणीतरी बसलेलं असलं की वळणावळणाचा रस्ताही लवकर सरतो.

गेल्या गुरुवारी आम्ही नदीकाठचं घर दाखवायला गेलो. नुकतं लग्न झालेलं जोडपं आलं होतं, लाजरं, हातात हात घेतलेलं. आपल्या गावातल्या गोष्टी त्यांच्या कानावर अजून गेलेल्या नाहीत, या आनंदात मी दार उघडलं आणि माझं सगळ्यात चांगलं हसू काढलं. एमसनी टोपी काढून त्यांना आत येऊ दिलं.

"अगदी निर्धास्त या," ते म्हणाले. "बाईंच्या कमरेला आज काही नाही. त्यांचं माप नव्याने घ्यायचंय."